‘यमुनापर्यटन’ वाचून झाल्यावर

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही छोटेखानी कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचे नाव विद्यार्थ्यांना पाठ असते. ती वाचणारे मात्र थोडेच. शेवगावात बसून आम्ही ती अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि पुस्तक मिटल्यावर मनात दोन भाव उरले : एक कृतज्ञतेचा, दुसरा अस्वस्थतेचा.

कथानक साधे आहे. यमुना आणि तिचे पती विनायकराव प्रवासास निघतात. वाटेत त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या कानी पडतात. पुढे विनायकरावांना मृत्यू येतो, आणि जे दुःख यमुनेने इतरांच्या तोंडून ऐकले तेच तिच्या वाट्याला येते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

आमची कृतज्ञता आहे ती ऐकून घेण्याच्या वृत्तीबद्दल. पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला व १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रॉटेस्टंट होते. परंतु हा वारसा साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाचा आहे. विधवेविषयी बोलणारे तेव्हा पुष्कळ होते. तिला स्वतःला बोलू देणारे विरळा. पदमनजींनी तिला कादंबरीत जागा दिली.

अस्वस्थता आहे ती शेवटाविषयी. धर्मांतर आणि विवाह झाला की यमुनेचा प्रश्न सुटतो, असे लेखक सुचवितो. प्रश्न इतका सोपा नव्हता. कादंबरीच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. त्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली. पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. कुंकू हवे तर जमीन सोडावी, असा तो सौदा होता.

आमच्या शेवगावसारख्या शेतकरी तालुक्यात हा मुद्दा चटकन उमगतो. येथे विधवेचे भवितव्य सातबाराच्या उताऱ्यावर तिचे नाव लागते की नाही, यावर ठरते. १९५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला वारसाहक्क दिला. ख्रिस्ती विधवेला तर १९२५ च्या कायद्याने, मुलेबाळे असताना पतीच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मिळतो. कायदा आहे, मात्र भावकीसमोर तो बोलून दाखविण्याचे बळ किती जणींना असते?

रूढीचे बंधही तुटलेले नाहीत. म्हणून तर कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली, यमुनेनंतर १६५ वर्षांनी, विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. आणि २०२४ साली आमच्या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या चौंडीच्या अहिल्याबाई १७५४ पासून विधवाच होत्या. तरीही त्यांनी राज्य चालविले.

एका विधवेचे नाव आम्ही जिल्ह्याला अभिमानाने लावतो. तर मग आमच्या ख्रिस्ती घरांतील लग्नात नवरीला आशीर्वाद देण्यास विधवा मावशीला आम्ही सर्वांच्या पुढे बोलावतो काय? बाप्तिस्म्याने यमुना मुक्त झाली, असे पदमनजींनी लिहिले. ते खरे करून दाखविणे त्यांच्या हाती नव्हते. ते आमच्या हाती आहे.