हुशार मूल आणि शाळेची निवड

चौथ्या वर्षीच दुकानांवरच्या पाट्या वाचणारे, मोठ्यांना निरुत्तर करणारे प्रश्न विचारणारे मूल घरात असले, की पालकांना आनंदाबरोबर एक चिंताही लागते. याला कोणत्या शाळेत घालावे? पुण्या-मुंबईत ही चिंता अनेक शाळांतून एक निवडण्याची असते. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात मात्र प्रश्न वेगळा असतो. मुलाला गावातच ठेवावे, की शहरात खोली करून राहावे? गावाकडच्या भाचे-पुतण्यांसाठी हा सल्ला शहरातील नातेवाइकांकडे हमखास मागितला जातो.

हुशारी ओळखताना

पाढे आणि कविता घडाघडा म्हणणे हा बहुधा पाठांतराचा भाग असतो. न शिकवलेला संबंध स्वतः शोधणे, एखाद्या विषयात दीर्घकाळ रमणे, ऐकलेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारणे या खुणा अधिक बोलक्या आहेत. मात्र बुद्धी आठ वर्षांची असली तरी सहा वर्षांच्या मुलाचे मन सहा वर्षांचेच असते. त्याला आई-वडील, आजी-आजोबा आणि बरोबरीचे सवंगडी हवेच असतात.

वर्गात काय हवे?

सामान्य वर्गात १४० बुद्ध्यांकाच्या मुलांचा निम्मा वेळ वाया जातो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले होते. कंटाळलेले मूल मग खोड्या करते किंवा गप्प होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अशा मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, असे म्हटले आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. द्विशिक्षकी शाळेत अनेक इयत्ता एकत्र बसतात. तेथे पहिलीतील मुलाला गणितापुरते तिसरीच्या मुलांबरोबर बसवणे सोपे असते.

पाचवीच्या टप्प्यावर

विशेष शाळांची दारे साधारणपणे या वयात उघडतात. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमान मुलांसाठी १९६९मध्ये प्रशाला सुरू केली. तेथे चाचण्यांद्वारे पाचवीत प्रवेश मिळतो. ग्रामीण मुलांसाठी मोठी सोय जवाहर नवोदय विद्यालयांची आहे. १९८५-८६मध्ये देशातील पहिली दोन नवोदये सुरू झाली, त्यांपैकी एक अमरावतीचे. जालना जिल्ह्याचे नवोदय अंबडला आहे. प्रवेश सहावीत असून, पाचवीत असताना परीक्षा होते. मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा यांवर मिळून ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. ही परीक्षा मराठीतून देता येते, पण संधी एकदाच मिळते.

घाई महागात पडू शकते

नवोदयाच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. शिवाय पाचवीची शाळा त्याच जिल्ह्यातील हवी. मुलाच्या भल्यासाठी तिसरीतच छत्रपती संभाजीनगरला खोली करणारे कुटुंब ग्रामीण जागेवरचा हक्क नकळत गमावते. वडील गावी शेतीवर, आई मुलासह शहरात, अशी घराची फाटाफूट होते ती निराळीच.

म्हणून शाळा बदलण्यापूर्वी पालकांनी वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात. काम लवकर संपल्यावर मूल काय करते? त्याला वरच्या इयत्तेची पुस्तके देता येतील का? त्याचे मित्र कोण आहेत? या प्रश्नांना शिक्षकांकडून मनापासून उत्तरे मिळत असतील, तर पाचवीपर्यंत गावची शाळाच त्या मुलासाठी योग्य समजावी. उत्तरेच मिळत नसतील, तर आधी पंचक्रोशीतील दुसरी शाळा पाहावी. शहराचा विचार त्यानंतर करावा.