नाणेघाटाची वाट कोणाची?

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘गिरिभ्रमण आणि इतिहास’ असा विषय आमच्या हाती दिला, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि रात्रीच्या वाचनालयात झाले. शिलालेख वाचणाऱ्या पंडितांच्या पंक्तीत बसण्याचा आमचा अधिकार नाही. पण गेली कित्येक वर्षे आम्ही कामगारांच्या तुकड्या घेऊन मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाहून नाणेघाट चढत आलो आहो. ती वाट पायांनी वाचता वाचता जे ध्यानात आले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे ओलांडून गाडी वैशाखऱ्याला येते. तेथून माळशेजच्या सडकेने थोडे पुढे गेले की उजव्या हाताला पाऊलवाट रानात शिरते. साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या यांतून ती हळूहळू वर चढते. डोक्यावर नाण्याचा अंगठा उभा असतो आणि त्याच्या दक्षिणेस जीवधन किल्ल्याचा कडा दिसतो. अखेरचा टप्पा दोन कातळांमधल्या अरुंद घळीचा आहे. या टप्प्यात मोठमोठे धोंडे बसवून आणि कातळ फोडून पायऱ्या केल्या आहेत. लाखो पावलांनी त्या गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाळ्यात त्यांवरून पाणी वाहते, तेव्हा नवशिक्याचा पाय हमखास घसरतो.

हा घाट मौजेसाठी फोडलेला नव्हे. वर जुन्नर आणि खाली कल्याण व सोपारा ही बंदरे, यांना जोडणारा तो व्यापाराचा जिना होता. कल्याणचे नाव पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथातही आले आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेथेच बांबूकाम करणारे, कांसार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेण्यांचे, म्हणजे आजच्या भाषेत धंद्याच्या संघटनांचे, उल्लेख सापडतात. युनियनच्या माणसाला हे वाचून आपले पूर्वज भेटल्याचा आनंद व्हावा, यात नवल नाही.

घाटमाथ्याजवळ जे प्रशस्त लेणे आहे, त्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तो ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. विद्वान तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात, आणि राणी नागनिकेच्या नावाने तो ओळखला जातो. गेल्या शतकाआधीच्या शतकात साइक्सने त्याची नोंद घेतली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला मोठे मोल आहे, कारण त्यात संख्या अक्षरांनी नव्हे तर अंकचिन्हांनी कोरल्या आहेत.

या संख्या कशाच्या? यज्ञांत दिलेल्या दक्षिणेच्या. एके ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे. दुसरीकडे २४,४०० कार्षापण दक्षिणा, आणि त्याच्या जोडीला यज्ञ पाहायला आलेल्यांना ६,००१ कार्षापण. आम्ही आयुष्यभर पगारपत्रके तपासत आलो, म्हणून हा लेख आम्हांला एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखा वाटतो. वही चोख आहे. खर्ची पडलेला वरचा एक कार्षापणसुद्धा लिहिला आहे. यज्ञ नुसता पाहणाऱ्याचीही रक्कम नोंदली आहे. पण ज्यांनी हा घाट फोडला, पायऱ्या बसवल्या, ज्यांच्या पाठीवरून माल वर गेला, त्यांची मजुरी या वहीत नाही. ज्या वाटेच्या उत्पन्नावर राज्याचे वैभव उभे राहिले, त्या वाटेचे काम करणारेच हिशेबातून गळले.

घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. लेण्याच्या आसपास पाण्याची टाकीही आहेत आणि त्यांपैकी एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचा लेख आहे. तहानलेल्या वाटसरूची आठवण ठेवणारा हा गृहस्थ आम्हांला त्या साऱ्या राजकुलाइतकाच मोठा वाटतो.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजकुलाच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, राणी नायनिका व श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन अशी नावे वर कोरलेली आहेत. प्रतिमा मात्र नष्ट झाल्या. पावलांच्या खुणांवाचून आज तेथे फारसे काही उरलेले नाही. आमच्याबरोबर आलेला एक यंत्रकामगार ते पाहून म्हणाला, “दादा, यांची नावं राहिली आणि अंगं गेली. पायऱ्या करणाऱ्यांचं काम राहिलं आणि नावं गेली.” त्याच्या या वाक्यापुढे आमचे भाषण थिटे पडेल, हे आम्ही जाणतो.

मग हा गजबजलेला घाट ओस का पडला? त्याचे एक मोठे कारण दक्षिणेस बोरघाटात आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि देश व कोकण यांच्यातला माल आगगाडीने जाऊ लागला. तो लोहमार्ग बांधताना एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी त्यांतले हजारो मेले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथे मोठा दंगा झाला आणि त्यानंतर सरकारला मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयी १८६० चा नववा कायदा करावा लागला. आपल्या देशातील कामगार-कायद्यांच्या इतिहासाचे एक पहिले पान असे सह्याद्रीच्या घाटात लिहिले गेले. नाणेघाटाच्या मजुरांना दोन हजार वर्षे जे साधले नाही, ते बोरघाटाच्या मजुरांनी एका दंग्याने साधले: त्यांची मजुरी सरकारी कागदावर आली.

घाट ओस पडला, पण पायथ्याची माणसे कोठे जाणार? ठाकर, महादेव कोळी, कातकरी तेथेच राहिले. त्यांच्यावर पुढचे संकट जंगलाच्या कायद्याने आले. १८७८ च्या कायद्याने राखीव रान वाढत गेले. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याकरिता फांद्या तोडणे, सरपण आणणे, गुरे चारणे, या पिढीजात गोष्टी एका रात्रीत गुन्हे ठरल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारींचा एवढा गवगवा झाला की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. राबाचा प्रश्न त्या चौकशीत ठळकपणे पुढे होता. खेड्यातील अडाणी म्हटलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे सरकारच्या दप्तरात नोंदवून घेतले, हे आम्ही लहान मानीत नाही.

या डोंगरांनी बंडखोरांनाही आसरा दिला आहे. वर अकोले भागातील राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. मुरबाडच्याच सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भाई कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबातले. वकील झाले, पण राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठी चालवण्यात रमले आणि बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता घेऊन रानात उतरले. रानातल्या माणसांच्या भाकरीवर आणि भरवशावर दस्ता जगला. सिद्धगड चढणाऱ्याने वर पोचल्यावर प्रथम हे आठवावे, छायाचित्र मग काढावे.

तोच सिद्धगड आज भीमाशंकर अभयारण्यात आहे. शेकरूच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये हे अभयारण्य जाहीर झाले. पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरले आहे. त्याच्या पुढच्या वर्षी उत्तरेस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आमचा नाणेघाट. रान राखले पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. रान गेले तर झरे जातील, आणि झरे गेले तर कारखान्याच्या नळालाही पाणी उरणार नाही. परंतु ‘राखणे’ या शब्दाचा अर्थ माणसाला हुसकणे असा झाला, की आम्हांला १८७८ आठवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक मान्य केली. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचे हक्क अभयारण्यांतही त्याने मानले. कायदा झाला, तरी दावा मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत वाड्यांवरच्या माणसांना किती खेटे घालावे लागतात, ते आम्ही त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून पाहिले आहे. ती चढण नाणेघाटापेक्षा अवघड आहे.

एकदा उतरताना आम्हांला डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी ठाकरीण भेटली. आमच्या तुकडीतल्या एका तरुणाने विचारले, “आजी, एवढं ओझं घेऊन या वाटेनं भीती नाही वाटत?” ती म्हणाली, “वाटंची कसली भीती? तुमी लोकं गातावाजवता आन् बाटल्या टाकून जाता, त्याची भीती वाटती. गुरांच्या पायात काच जाती.” तो तरुण खाली मान घालून मागे फिरला आणि वाटेतल्या काचा वेचू लागला. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक सहलीत रिकामे पोते असते.

मित्रहो, डोंगर चढण्यात सुख आहे. आठवडाभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कड्यावरचा वारा लागला की त्याची छाती फुलते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. रविवारची सुट्टी लढून मिळालेली आहे, ती डोंगरात घालवण्याचा कामगाराला पुरा हक्क आहे. मात्र एका सुट्टीचे सुख दुसऱ्याच्या रोजच्या कष्टावर बसू नये. गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचा रोज घासाघीस न करता द्यावा. जेवण गावातल्या घरी सांगावे. टाक्यात पाय घालू नये, कारण कुणी तरी ते तहानलेल्यासाठी खोदविले आहे. लेण्यातल्या भिंतीवर आपले नाव कोरू नये. त्या भिंतीवर ज्यांचे नाव असायला हवे होते, त्यांनीच ते कोरले नाही. मग आपण कोण?

येत्या हिवाळ्यात आमची तुकडी पुन्हा निघेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीने वैशाखऱ्याला उतरावे. चढताना एकेका पायरीवर पाय ठेवताना एवढेच मनात आणावे, की ही कुणी तरी घाम गाळून बसवलेली आहे, आणि तिची मजुरी अजून आपल्याकडे बाकी आहे.