निराकरण योजनेतील घटनापत्रक व नियमावलीची दुरुस्ती

निराकरण योजनेतील घटनापत्रक व नियमावलीची दुरुस्ती म्हणजे नादारीच्या कार्यवाहीत सापडलेल्या कंपनीच्या मूळ दस्तऐवजांत, न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेनुसार होणारा बदल होय. कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य, उद्देश, सभासदांचे दायित्व आणि अधिकृत भांडवल घटनापत्रकात नमूद असते. नियमावलीत अंतर्गत कारभाराचे नियम असतात.

कायदेशीर तरतूद

एरवी कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३ व १४ नुसार अशा दुरुस्तीसाठी, भांडवलाचे काही बदल वगळता, सभासदांचा विशेष ठराव लागतो. म्हणजे ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली मात्र हा निर्णय भागधारकांच्या सभेत होत नाही. धनको समिती किमान ६६ टक्के मतांनी योजना संमत करते आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण कलम ३१ नुसार तिला मंजुरी देते. योजनेत कोणते उपाय असू शकतात हे सांगणाऱ्या विनियम ३७ मध्ये मूळ दस्तऐवजांच्या दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी भागधारकांची संमती आवश्यक असल्यास ती मिळाली आहे, असेच कलम ३० मानते. त्यामुळे छोट्या भागधारकाला आपल्या भागांचे काय झाले हे अनेकदा मंजुरीनंतरच कळते.

अमेरिकेच्या दिवाळखोरी संहितेत, ११ व्या प्रकरणाखाली पुनर्रचना होणाऱ्या कंपनीच्या सनदेत मताधिकाराविना भाग काढण्यास मनाई घालावी लागते.

व्हिडिओकॉन प्रकरण

व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे नोंदणीकृत कार्यालय छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण रस्त्यावर चितेगाव येथे होते. भारतीय स्टेट बँकेच्या अर्जावरून जून २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध कार्यवाही सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये समूहातील १३ कंपन्यांची प्रकरणे एकत्र करण्यात आली. ८ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने वेदांत समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची योजना मंजूर केली. सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांच्या मान्य दाव्यांपोटी तीत सुमारे २,९६२ कोटी रुपये देऊ केले होते. धनकोंचीच ही गत असताना भागधारकांच्या वाट्याला काहीच येणार नव्हते. त्यांचे भाग शेअर बाजाराच्या सूचीतून काढले जाणार होते.

या योजनेला आव्हान मिळाले ते असहमत धनकोंकडून. त्यांत बँक ऑफ महाराष्ट्र होती. रोख रकमेऐवजी कर्जरोखे देण्याला त्यांचा आक्षेप होता. अपील न्यायाधिकरणाने जुलै २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि ५ जानेवारी २०२२ रोजी मंजुरी रद्द करून प्रकरण धनको समितीकडे परत पाठवले. भागधारकांची गृहीत संमती मंजूर योजनेपुरतीच असल्याने, योजनेतील भांडवलविषयक बदलांचा आधारही त्याबरोबर गेला.