बाण कुणाच्या वहीत लिहायचा?

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण एक तलाव भरला की जास्तीचं पाणी जातं कुठं, हे कधी विचारलंय?

कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांची साखळी असते. वरच्या बोडीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथून तुडुमातून धानाच्या बांध्यांत. आजच्या भाषेत, अनेक सिस्टिम एकमेकींना जोडलेल्या.

सॉफ्टवेअरवाल्यांचंही हेच दुखणं. १९९७ मध्ये यूएमएल हे आकृत्यांचं प्रमाण ठरलं आणि सगळे माउसनं चौकोन काढत बसले. सिस्टिम बदलायची, चित्र जुनंच राहायचं. बेल लॅब्जच्या ग्राफव्हिझनं वेगळी वाट दाखवली होती: तुम्ही मजकूर लिहा, चित्र मशीन काढेल. २००९ मध्ये प्लांटयूएमएल आलं. त्यात साधारण असं लिहायचं:

बोडी -> तलाव : सांडव्याचं पाणी
तलाव -> बांध्या : तुडुमाचं पाणी

नातं बदललं तर ओळ बदला, बस्स. सायमन ब्राऊन यांचं स्ट्रक्चरायझर आणखी पुढं जातं. नाती एकदाच लिहायची, त्यातून हवी तेवढी चित्रं: एक सगळ्या सिस्टिमचं, एक आतल्या भागांचं.

आता गंमत बघा. पाण्याची नाती शब्दांत लिहायची पद्धत आपल्याकडं जुनीच. तिचं नाव वाजिब-उल-अर्ज. सिंचनाचा, वाटेचा, मासेमारीचा रिवाज काय, याची सरकारी नोंद. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ती आहे, कलम १६५. फक्त ही नोंद गावागणिक होते, आणि पाणी काही शिव बघून थांबत नाही. मग दोन गावांमधला बाण कुणाच्या वहीत लिहायचा? मला वाटतं, तो मालगुजार आणि पाणकराच्या डोक्यातच राहिला.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारे खात्याकडं. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला. खोरं मात्र वैनगंगेचंच. चौकोन वाटले गेले, बाणांचा वारसदार कोण, हे कुणी ठरवलं नाही.

तुमच्या गावच्या तलावाची अशी फाइल लिहून बघा. मोबाइलवरही होतं. पहिल्या दोन ओळी सोप्या जातील. तिसरीसाठी शेजारच्या गावात जाऊन विचारावं लागेल.