'अखिल'मधला खिल

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे मेळघाटातले गाव आहे. या परिसराला आपल्या शासकीय मराठीतली तीन भारदस्त विशेषणे लागतात. गुगामल उद्यान 'राष्ट्रीय' आहे. १९७३ साली सुरू झालेला, मेळघाटासह पहिल्या नऊ वनक्षेत्रांचा व्याघ्रप्रकल्प 'देशव्यापी' म्हणवला जातो. २००६ पासून दर चार वर्षांनी होणारी व्याघ्रगणना 'अखिल भारतीय' असते. उत्तरपत्रिकेत यांतला कोणताही शब्द कोणाच्याही जागी चालतो. इतिहासात मात्र तो तसा चालत नाही.

'देश' हा यांतला सर्वांत घरगुती शब्द. कोकणाच्या तुलनेत घाटमाथ्यावरचा प्रदेश तो देश, म्हणून देशस्थ. देशमुख आणि देशपांडे ज्या देशाचे वतनदार, तो तर परगण्याएवढाच. म्हणजे वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या देशमुखाला 'देशव्यापी' शब्द सांगितला असता, तर त्याला आपल्याच वतनाचा विस्तार आठवला असता!

'राष्ट्रीय'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे, म्हणजे तेव्हाच्या मराठीतल्या 'राष्ट्रीय सभे'चे, अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष शंकरन नायर होते, तर स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते, पण कायद्याने ती भूमी निजामाचीच होती. ब्रिटिश हिंदुस्थानात काटेकोरपणे न मोडणाऱ्या प्रांतात राष्ट्रीय सभा भरली आणि कोणाला ते विसंगत वाटले नाही. कारण त्या काळी 'राष्ट्रीय' या शब्दात क्षेत्रफळ नव्हते, दावा होता. आजही तसेच आहे. गुगामलचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार असे उद्यान घोषित करते ते राज्य शासन. येथे 'राष्ट्रीय' हे विशेषण व्याप्ती सांगत नाही, मालकी सांगते. बोरी, कोहा आणि कुंड या गावांना व्याघ्रप्रकल्पासाठी उठावे लागले, तेव्हा या विशेषणाचे वजन कोरकू कुटुंबांना कोशाविनाच कळले असणार.

उरला 'अखिल'. मला हा शब्द सर्वांत धाडसी वाटतो. संस्कृतात 'खिल' म्हणजे नांगराखाली न आलेली, दोन शेतांमध्ये पडीक राहिलेली जमीन. त्यावरून रिकामी जागा आणि पुढे ती भरणारी पुरवणीही. ऋग्वेदाची खिलसूक्ते या अर्थाने खिल, आणि हरिवंशही महाभारताचे खिल. ज्यात असा एकही तुकडा उरलेला नाही, ते अखिल. 'देशव्यापी' नुसते पसरते. 'अखिल' मात्र मध्ये काहीही सुटलेले नाही अशी हमी देते. संमेलनांपासून महामंडळांपर्यंत आपण ही हमी किती सहज देतो!

नांगराच्या हिशेबाने पाहिले तर मेळघाट हे वऱ्हाडातले मोठे खिलच. तेथली कोरकू भाषा मुंडा कुळातली, आजूबाजूच्या मराठी-हिंदीशी नाते नसलेली. तिच्या बहिणी संताळी आणि मुंडारी दूर झारखंडाकडे बोलल्या जातात. हे कुळ सातपुड्यापासून पूर्वेकडच्या पठारांपर्यंत तुटक तुटक पसरले आहे. अशा विस्ताराला, मधल्या रिकाम्या जागांसह, काय म्हणावे? आपल्या पर्यायकोशात त्याला शब्द नाही. संताळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. कोरकू त्या यादीत नाही.