“मला शिवूं नको” : एका वचनाच्या अर्थाचा इतिहास

पुनरुत्थानाच्या दिवशीं सकाळीं, कबरेपाशीं रडणाऱ्या मारिया माग्दालेनेस प्रभूनें “मला शिवूं नको” असें कां म्हटलें, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील एका वृद्ध बाईनें मला विचारला. “फादर, ती बाईमाणूस म्हणून का तिला दूर ठेविलें?” आपल्या मराठींत ‘शिवणें’ ह्या शब्दास विटाळाचा संबंध इतका चिकटला आहे कीं, तिला असें वाटावें ह्यांत नवल नाहीं. म्हणून ह्या स्मरणिकेंत उत्तर लिहीत आहें.

संत योहानाचें शुभवर्तमान मूळ ग्रीक भाषेंत आहे. त्याच्या विसाव्या अध्यायांतील सतराव्या वचनाचे शब्द ‘मे मू हाप्तू’ असे आहेत. ह्या क्रियापदाचा अर्थ स्पर्श करणें तसाच धरून राहणें असाहि होतो. आणि निषेधाचें हें रूप बहुधा चालूं असलेली क्रिया थांबविण्यास सांगतें. म्हणजे मारियेनें प्रभूला धरलेंच असावें, व तो म्हणतो, “आतां सोड.” इ. स. 384 च्या सुमारास संत जेरोमनें सुधारलेल्या लातिन शुभवर्तमानांत मात्र ‘नोली मे तांजेरे’, म्हणजे ‘स्पर्श करूं नको’, हे शब्द राहिले. आणि पश्चिमेकडील चित्रकारांनीं शतकानुशतकें हात आडवा करणारा प्रभूच रंगविला. चित्र डोळ्यांपुढें असलें म्हणजे व्याकरण कोण पाहतो!

तथापि बाईंची शंका नवी नव्हे. संत आगस्तीननें सोळाशें वर्षांपूर्वीं तिचा समाचार घेतला. शिष्यांना प्रभूनें स्वतः चांचपून पाहण्यास सांगितलें, आणि संत मात्तेवाच्या अखेरच्या अध्यायांत स्त्रियांनींहि त्याचे पाय धरले. मग स्त्रियांनाच स्पर्शाची मनाई होती असें म्हणणें त्याला निखालस असंबद्ध वाटलें. संत योहान ख्रिजोस्तोमच्या मतें मारिया पूर्वीच्याच सलगीनें वागूं पाहत होती, म्हणून प्रभूनें तिचें मन वर उचललें. मला हाच अर्थ अधिक सरळ वाटतो. कारण त्याच वचनांत प्रभु पित्याकडे जाण्याची गोष्ट बोलतो, व ती वार्ता आपल्या बंधूंना कळविण्याचें काम तिच्याकडेच सोंपवितो. विटाळ मानणारा असें करील काय?

1979 सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या लातिन वुल्गातांत ‘तांजेरे’ जाऊन ‘तेनेरे’, म्हणजे धरून ठेवणें, हा शब्द आला. 2016 सालीं पोप फ्रान्सिस ह्यांच्या इच्छेनें मारियेच्या स्मरणदिनास, 22 जुलैस, प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. त्या दिवशींच्या मिस्सेंत हाच उतारा वाचला जातो. त्या वेळीं मी ‘धरून राहूं नको’ असाच अर्थ सांगतों. बाई पहिल्या बांकावर बसलेल्या असतात.