नाडी हरवली, हृदय नव्हे

शाळेत प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी कोसळते. श्वास भराभर चाललेला, हाताची बोटे आखडलेली. ‘घाबरली असेल’, ‘सोंग करते’ असे शेरे लगेच ऐकू येतात. त्रास शरीराचा की मनाचा, हे वरवर पाहून ठरवता येते का? मावळातल्या लोणावळ्याशी जोडलेला एक इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. योगाचे परिणाम श्रद्धेने मानायचे नाहीत, मोजायचे, हा त्यांचा आग्रह होता. नौली करताना मोठ्या आतड्यात पाणी आपोआप ओढले जाते. त्यांनी आतड्यातला दाब मोजला, तेव्हा तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. पाणी का चढते, हे उलगडले.

काही योगी इच्छेने हृदय थांबवतात, असाही दावा होता. १९३५ साली फ्रेंच डॉक्टर तेरेझ ब्रॉस यांनी भारतात घेतलेल्या ईसीजीमुळे त्याला बळ मिळाले. १९५७ साली अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे संशोधक आले. त्यांच्या अभ्यासदौऱ्यात कैवल्यधामही होते. दिल्लीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी हृदयाचा दावा तपासला. योग्याची नाडी हाताला लागेना, ठोके ऐकू येईनात. ईसीजी मात्र चालूच! श्वास कोंडून स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी क्षीण होते. इच्छेचा अंमल स्नायूंवर होता. हृदय थांबले नव्हते.

लक्षण एक, कारणे अनेक. भीतीने श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना मुंग्या येतात, ती आखडतात. हा त्रास खराच असतो, सोंग नव्हे. पण दमा, हृदयविकार, मधुमेहातली रक्ताची आम्लता यांतही श्वास असाच वाढतो. अशा वेळी तोंडावर कागदी पिशवी धरणे घातक ठरू शकते.

घाईने ‘मानसिक’ म्हणण्याची किंमत मोठी असते. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी ‘हिस्टेरिया’ ठरवलेल्या ८५ रुग्णांचा पुढे माग काढला. त्यांतल्या अनेकांना शारीरिक आजार निघाला, हे त्यांनी १९६५ साली मांडले. २००५ सालच्या एका आढाव्यानुसार अशा चुका १९५०च्या दशकात सुमारे २९ टक्के होत्या. १९७०नंतर त्या सुमारे ४ टक्क्यांवर आल्या.

म्हणूनच तातडीच्या कक्षात आधी श्वास, नाडी, रक्तदाब, प्राणवायू, रक्तातली साखर आणि गरजेप्रमाणे ईसीजी पाहतात. मनाची विचारपूसही त्याच आस्थेने व्हायला हवी. आपण शिक्षकांनी निदान करायचे नाही. मुलीजवळ थांबावे, काय दिसले ते वेळेसह टिपावे आणि तिला लवकर दवाखान्यात पोचवावे. ‘सोंग’ हा शब्द मात्र त्या कागदावर नको.